सीमंतिनीबाई आणि पाटणकर बाजारातला हादरा

उत्तरेकडच्या एका शहरात, लश्कर नावाच्या भागातल्या मुलींच्या एका शाळेत सीमंतिनीबाईंनी जन्मभर भूगोल शिकवला. घराणं पुरोहितांचं. "डोंगर-नद्या घोकून मुलीला काय मिळणार?" असं वडील म्हणायचे. बाईंनी लग्नानंतर हट्टानं एम.ए. केलं, आणि निवृत्त होईपर्यंत त्यांचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत खणखणीत पोचत राहिला.

यंदा भाचीच्या, उन्नतीच्या, लग्नासाठी चंदेरी साडी घ्यायला दोघी पाटणकर बाजारात दौलतसिंहांच्या दुकानात बसल्या होत्या. एकाएकी काउंटर थरथरला, पंखा झुलू लागला. सगळे रस्त्यावर धावले. नेपाळात भूकंप झाला होता, त्याची लहर इथवर आली होती. हादरा थांबला, पण फोनवर निरोप फिरू लागला, की संध्याकाळी याहून मोठा येणार. दौलतसिंहांनी दुकान बंद करायला शटरला हात घातला.

"मावशी, चलो ना घरी, मला डर लागतोय," उन्नती म्हणाली.

"भूकंपाची वेळ आजवर कुणालाच आधी सांगता आलेली नाही. उगाच कुणीतरी सोडलेली अफवा आहे ही. या आत."

बाईंनी काउंटरवर एक साडी पसरली. "ही आपली प्लेट. म्हणजे खडकाचा जाडजूड थर. त्यावर अख्खा देश बसलाय, आणि ती वर्षाला दोन-तीन बोटं उत्तरेकडे सरकते. हिमालयाखाली घुसताना अडकते. ताण साठतो, सुटला की हादरा."

"पण मॅडम, तिला ढकलतं कोण?" दौलतसिंहांनी विचारलं.

"थोडं ढकलणं, जास्त ओढणं." बाईंनी जरीचा जड पदर काउंटरच्या कडेवरून खाली सोडला. मागची साडी सळसळत त्याच्या पाठोपाठ निघाली. "समुद्राचा तळ जुना झाला की निवतो, जड होतो, पृथ्वीच्या पोटात बुडतो. बुडताना मागची प्लेट ओढतो. सुमात्राजवळ आपल्या प्लेटची कड अशीच खाली जातेय. पोटातली उष्णता बाहेर पडायला धडपडते, त्यातूनच हे सगळं चालतं."

"मग आम्ही करायचं काय?"

बाईंनी वर पाहिलं. गिऱ्हाइकांच्या डोक्यावर, सगळ्यात वरच्या फळीवर, भलीमोठी लोखंडी पेटी होती. "आधी ती खाली घ्या. कपाटं भिंतीला पक्की करा. जमीन हलून माणूस मरत नाही, अंगावर कोसळलेलं मारतं."

दौलतसिंहांनी दुकान बंद करायचा विचार सोडला आणि तिथूनच मिस्त्रीला फोन लावला. उन्नती पुन्हा स्टुलावर बसली.

पुढच्या आठवड्यात शेजारच्या दुकानदारांनीही बाईंना बोलावलं. बाई गेल्या आणि एकेक फळी हलवून पाहत सगळ्यांना कामाला लावून आल्या.