शेजारणीचा शिरदाक

एका म्हातारीने दोन हिवाळे खपून केलेली वस्तू मी पंचावन्न मिनिटांत संपवली.

वस्तू म्हणजे शिरदाक. लोकर दाबून केलेल्या नमद्याचं किरगिझ जाजम, पांढऱ्यावर निळ्या शिंगांची नक्षी. ड्रोहेडा या आयरिश गावातली आमची शेजारीण आयझान, हॉस्पिटलात नर्स, तिला आईने लग्नात दिलेलं. आईची बोटं आता आखडलीत, म्हणजे दुसरं होणे नाही. आणि हे मी हळदीकुंकवाला मागून आणलं! (बायका आमच्या सोफ्यावरही बसल्या असत्या.)

"परक्याची वस्तू. नसती हौस कशाला?" बायको, सीमा, म्हणाली.

"अगं, शोभा येईल!"

शोभा आली. चहाचा ट्रे घेऊन मिरवताना माझाच पाय हळदीच्या वाटीला लागला.

"साबण लावू नकोस हं!" सीमा ओरडली. मी लावला होता. पिवळा डाग लालभडक झाला.

"धन्य आहे! आता उन्हात टाक, उन्हाने हळद उडते."

ऊन! ड्रोहेडात! चार दिवस मी खिडकीशी उभा. पाचव्या दिवशी आयझानचा मेसेज आला, 'संध्याकाळी न्यायला येते.' सीमा ऑफिसात होती, नाहीतर तिने अडवलं असतं. मी जाजम मशीनमध्ये कोंबलं आणि साठ डिग्री लावले.

बाहेर निघाला तो पाट. तोही वाकडा.

"बाबा, इट्स सो क्यूट!" लेक म्हणाली.

तो पाट आयझानच्या हातात देताना माझी मान वर होईना. इतकी लाज मला दहावीच्या निकालालाही वाटली नव्हती. तिने त्यावरून हात फिरवला.

"गरम पाणी, साबण आणि घुसळणं," ती हळू म्हणाली. "आम्ही नमदा असाच करतो. पण एकदाच."

मग तिने आईलाच व्हिडिओ कॉल लावला! मला पळून जावंसं वाटलं. म्हातारीने बराच वेळ निरखून पाहिलं आणि काहीतरी विचारलं. आयझानच्या डोळ्यांत पाणी होतं, तरी तिला हसू आवरेना.

"लोकर घट्ट व्हायला आमच्याकडे तिची गुंडाळी जनावरामागे बांधून फरफटवतात," तिने मला सांगितलं. "आई विचारतेय, एवढं घट्ट झालंय, घोडा जुंपला होता की गाढव?"

तिने फोन माझ्याकडे वळवला. मी हात जोडले.

"गाढव," मी म्हणालो.