बारा पापड आणि एक प्रयोगवही

माझ्या मुलीने दहावीत, प्रॅक्टिकल परीक्षेला तीन आठवडे उरले असताना, वर्गातल्या एका मुलीची विज्ञानाची प्रयोगवही फाडली. शाळेचा शिपाई चिठ्ठी घेऊन माझ्या दुकानात आला तेव्हा मी रोह्याच्या एका गिऱ्हाइकाशी पोह्याच्या पापडांच्या भावावरून हुज्जत घालत होते. 'पालकांनी उद्या अकरा वाजता मुख्याध्यापकांस भेटावे' एवढंच चिठ्ठीत होतं. बाकीचं शिपायाने तोंडी सांगितलं. "वयनी, कमिटीवाले दाखला हातात देनार म्हनतात. तयारीनं या."

जानेवारीत दाखला म्हणजे दहावीचं वर्ष गेलं. शिवाय दाखल्यावर 'वर्तणूक' नावाचा एक रकाना असतो. तो काय करू शकतो हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. मी मूळची रोह्याची. आठवीत असताना वर्गातल्या एका मुलीची कंपासपेटी माझ्या पिशवीत सापडली. ती तिथे कशी आली हे मला आजही माहीत नाही. हेडमास्तरांनी मला काही विचारलं नाही. माझे वडील भाताच्या गिरणीत हमाल होते. अंगावरचा कोंडा झटकत ते शाळेत पोचले तेव्हा दाखला लिहून तयार होता आणि त्या रकान्यात टपोऱ्या अक्षरात 'असमाधानकारक' असं लिहिलेलं होतं. दुसऱ्या शाळेने तो कागद वाचून परत केला. माझं शिक्षण तिथे संपलं.

पुढे लग्न होऊन पेणला आले. काही वर्षं दुसऱ्यांचे पापड लाटले, मग स्वतः पीठ द्यायला लागले. नव्वद सालानंतर माझं बऱ्यापैकी बस्तान बसलं होतं. पंचवीस-तीस बाया सकाळी माझ्या दुकानातून पीठ न्यायच्या आणि घरी लाटून, वाळवून पापड आणून द्यायच्या. हे सगळं मी भांडून मिळवलं होतं. त्यामुळे भांडण म्हटलं की मला भीती वाटायची नाही, उलट हुशारी यायची.

त्या संध्याकाळी मुलीला विचारलं, "का फाडलीस?"

"ती तुला बोलली."

"काय बोलली?"

"नाही सांगणार."

मी हात उचलला, पण ती जागची हलली नाही. नवरा नागोठण्याला कंपनीत होता, त्याची सेकंड शिफ्ट होती, त्यामुळे मध्ये पडायला कोणी नव्हतं. मी हात खाली घेतला आणि कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवरून रोह्याला फोन लावला. तिथल्या एका चित्रकलेच्या मास्तरांना नवी प्रयोगवही तीन दिवसांत आकृत्यांसकट पुरी करून द्यायला राजी केलं. कुठून सुरू करायचं आणि कुठवर उतरायचं, हे मनात ठरवून मी झोपले.

दुसऱ्या दिवशी मला ऑफिसात न नेता एका रिकाम्या वर्गात नेलं. बाकं भिंतीला लावली होती आणि मधोमध सतरंजी. मुख्याध्यापक स्वतः खाली मांडी घालून बसले होते. ते दोनच वर्षांपूर्वी या शाळेत आले होते, खाडीकाठच्या गावचे. हा माणूस छडी वापरत नाही, भांडणाऱ्या पोरांना गोल बसवून बोलतं करतो, असं बाजारात ऐकलं होतं. ऐकून मी हसले होते. शेजारी वर्गशिक्षिका, शाळा कमिटीचे एक गृहस्थ, माझी मुलगी, ती दुसरी मुलगी आणि तिची आई बसली होती.

आईला मी ओळखलं. ती माझ्याकडेच पापड लाटायची. पंधरा दिवस आली नव्हती. दुसऱ्या व्यापाऱ्याने फोडली असेल, असं मी समजत होते. तिची मुलगी माझ्या मुलीच्या वर्गात आहे हे मला माहीतही नव्हतं.

फळ्यावर तीन ओळी होत्या. काय झालं? कोणाला लागलं? भरून कसं काढायचं?

"ताई, बसा," मुख्याध्यापक म्हणाले. "आमच्या खारेपाटात बांधाला खांड पडली, पाणी आत शिरलं, की घरटी एक माणूस फावडं घेऊन येतो. खेकड्याचं बीळ कोणाच्या हद्दीत होतं यावर कोणी भांडत बसत नाय. आधी खांड बुजवायची. आपण तेवढंच करणार आहोत. एकाने बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. पाळी सगळ्यांना मिळेल."

पहिली पाळी माझ्या मुलीची. "मी तिची वही फाडली. ती माझ्या आईला राक्षसीण म्हणाली. सगळ्या वर्गासमोर."

"म्हटलं," दुसरी मुलगी म्हणाली. "खोटं नाय बोलत."

"का म्हटलंस?"

ती माझ्याकडे बघून बोलू लागली. "काकूंनी माज्या आईचे बारा पापड मोडले. मी दुकानाच्या दारात उभी व्हते, डबा न्यायला. आनि हिनं वही फाडली ती पन तशीच. एकदम नाय. एक पान फाडलं, माज्याकडं बघितलं. मग दुसरं. जसं काकूंनी पापड मोडले तसं."

आमच्या धंद्यात पापडाच्या चवडीतून मधला एक काढून मोडून बघतात. कडकन तुटला तर वाळलेला, वाकला तर दमट. एकच मोडायचा, हा रिवाज. पंधरा दिवसांपूर्वीच्या त्या शनिवारी दुकान भरलेलं होतं. तिचा एक पापड वाकला तेव्हा मी दुसरा घेतला, मग तिसरा. प्रत्येक पापड तिच्या तोंडासमोर धरून मोडत गेले आणि म्हणत गेले, "हा बघ. हा पण बघ." बाकीच्या बाया बघत होत्या. मला तेव्हा वाटलं होतं की मी धंद्याची शिस्त लावतेय. बारा हा आकडा मला माहीत नव्हता. तो त्या मुलीने मोजला होता.

"आता मला परीक्षाच नको," ती म्हणाली. "पुन्ना सगळं कोन काढत बसनार?"

मुख्याध्यापकांनी माझ्याकडे पाहिलं. मी माझा माल मांडला. "उद्यापर्यंत नवी वही आणते. रोह्याचे चित्रकलेचे मास्तर तीन दिवसांत सगळ्या आकृत्या काढून देतील, छापल्यासारख्या. तिला बोटसुद्धा लावायला नको. माझी मुलगी माफी मागेल, लेखी पाहिजे तर लेखी. आणि दाखल्याचा विषय इथे बंद करा."

"ते तिसऱ्या ओळीचं झालं," मुख्याध्यापक म्हणाले. "दुसऱ्या ओळीचं राहिलं. कोणाला लागलं?"

माझं डोकं फिरलं. मी उठले. "सर, मला मुलीसाठी बोलावलंत की माझ्या धंद्याची चौकशी करायला? उद्या माझ्या घरात भाजी काय शिजते तेही फळ्यावर लिहाल!" मी दाराशी जाऊन चपला शोधू लागले.

"आई," माझी मुलगी म्हणाली, "बस ना खाली. मी बसलेय ना?"

कमिटीचे गृहस्थ गुडघ्यावर हात ठेवून मुख्याध्यापकांना म्हणाले, "मी काय सांगत होतो तुम्हाला? हे गोलबिल बसून काही होत नाय. दाखला द्या, विषय संपला."

मी एक चप्पल पायात घातली होती. ती तशीच ठेवून वळले. "विषय संपत नसतो, साहेब. मला दिला होता दाखला, रोह्याला. मी आठवीत होते. माझा विषय अजून संपला नाही." आणि मग ती कंपासपेटी, तो रकाना, कोंड्याने माखलेले वडील, सगळं माझ्या तोंडून बाहेर पडलं. माझ्या नवऱ्यालाही मी एवढंच सांगितलं होतं की परिस्थितीमुळे शाळा सुटली. माझी मुलगी तोंड उघडं टाकून ऐकत होती.

मुख्याध्यापकांनी मला थांबवलं नाही. शेवटी विचारलं, "तेव्हा तुम्हाला कोणी विचारलं असतं, तर काय सांगितलं असतंत?"

"मी पेटी घेतली नाही. एवढंच. पण विचारायला तर पाहिजे होतं!"

पदराचं टोक बोटाला गुंडाळत त्या मुलीची आई म्हणाली, "वयनी, मला पन तुमी इचारलं नाय."

मी दारातच उभी होते.

"शनवारच्या आदी तीन दिस मळभ व्हतं," ती म्हणाली. "हिला ताप. पापड आत घेऊ का हिच्या कपालावर पट्टी ठेवू? मी सांगनार व्हते, दोन दिस थांबा, पुन्ना उन्हात घालते. पन तुमी मोडायलाच घेतले. मंग मी काय बोलू?"

मी चप्पल काढली आणि येऊन बसले. भाव करायला काही उरलं नव्हतं. "मी विचारलं नाही," मी म्हणाले. "चुकलं."

"ते इथं नको," ती बाई म्हणाली. आवाज साधाच होता, पण त्यातून ती एक इंच हलणार नाही हे मला कळलं. आयुष्यभर घासाघीस केल्यावर तेवढं कळतं. "दुकानात बोला. त्याच बायांसमोर."

"बोलते. सोमवारी?"

"तुमी शनवारी मोडले व्हते."

"शनिवारी गर्दी असते गो."

"म्हनून तर."

वर्गशिक्षिकेने तोंडावर रुमाल धरला. शनिवार ठरला. मग तिच्या मुलीची अट. मास्तर-बिस्तर नको. जिने फाडली तिनेच काढायची, आणि तिच्या घरी येऊन, तिच्यासमोर. मजकूर ती स्वतः लिहील, आकृत्या माझ्या मुलीने काढायच्या. राक्षसीण म्हटल्याबद्दल ती मला "काकू, चुकलं" म्हणाली, तेही वर न बघता. मी ते पदरात घेतलं.

"आणि दाखला?" मी विचारलं.

मुख्याध्यापकांनी कमिटीच्या गृहस्थांकडे बघितलं. "वही परीक्षेआधी पुरी झाली तर नाय," गृहस्थ म्हणाले. "नाय झाली तर मी ऐकणार नाय."

शनिवारी मी भरल्या दुकानात बोलले. दोन वाक्यं ठरवली होती, त्यातलं दुसरं विसरले. पीठ न्यायला आलेली एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, "वयनीला बरं नाय की काय?" आणि बाया हसल्या. ती आईसुद्धा हसली. मला तो हशा आवडला नाही, पण मी गप्प राहिले, जे मला सोपं नव्हतं.

माझी मुलगी रोज शाळा सुटल्यावर त्यांच्या घरी जायची. पहिले दोन दिवस आकृत्या झाल्याच नाहीत, कारण त्या मुलीला आधी आईला पापड लाटून द्यावे लागायचे. तिसऱ्या दिवशी माझ्या मुलीने स्वतः लाटणं घेतलं, काम लवकर उरकावं म्हणून. पापडवालीची मुलगी, पण मी तिला कधी लाटायला बसवलं नव्हतं. मी केलं ते तिला करायला लागू नये म्हणूनच तर एवढी धडपड. ती घरी येऊन सांगायची, "ती म्हणते, माझे पापड नाहीत, नकाशे आहेत. आज महाराष्ट्र झाला, कोकणासकट." एकदा हृदयाची आकृती चुकली म्हणून दोघी भांडल्या आणि मी धसकले. पण दुसऱ्या दिवशी ती परत गेली. रोज मी वहीची पानं विचारायचे. ती सांगायची, "अर्धी झाली." मग, "पाच राहिली." मी जेवताना हिशेब करायचे, दिवस किती, पानं किती.

परीक्षेला चार दिवस असताना मी दुपारी शाळेत गेले. दोघी ऑफिसबाहेर उभ्या होत्या. मुख्याध्यापकांनी वही पानापानाने पाहिली, विज्ञानाच्या बाईंची सही तपासली आणि खाली आपली केली. मला म्हणाले, "ताई, झालं."

"दाखला?"

"जूनमध्ये देऊ. पास झाल्यावर. तेव्हा हौसेनं घेऊन जा."

ती बाई माझ्याकडे पीठ न्यायला परत मात्र आली नाही. दुसऱ्या व्यापाऱ्याकडे लागली. तिच्यासारखा पातळ पापड पेणमध्ये कोणी लाटत नव्हतं, आणि ही गोष्ट मला आजही खटकते. एवढं सगळं केल्यावर यायला काय हरकत होती? भेटली की हसते, विचारपूस करते. पण पीठ त्याचंच नेते.

वहीवर सही झाली त्या दुपारी शाळेतून निघाले ती सरळ बाजारात गेले. मासळीवालीपुढे उभी राहिले आणि तिने सांगितलेल्या भावात बोंबील घेतले. ती तराजूचा हात तसाच धरून माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

"काय गो, आज भांडलीस नाय? घरी सगळी बरी हायत ना?"

"बरी आहेत," मी म्हणाले. "सगळी बरी आहेत."