खोलीतलं पाणी

"पाणी नाही ते, मर्ल."

"नाही कसं? यंत्र बोंबलून सांगतंय पाणी म्हणून!"

"पाणी आहे. पण प्रयोगातून निघालेलं नाही. आपल्या खोलीतलं आहे."

मर्ल हॅस्केटने हातातला पाना बाकावर आपटला. अमेरिकेतल्या टूसॉनच्या त्या प्रयोगशाळेत त्याचा चढलेला आवाज कुणी फारसा ऐकला नव्हता. त्याच्या गावची, सॅन मॅन्युएलची, तांब्याची भट्टी बंद पडली तेव्हा तो इथे आला, आणि तेव्हापासून पोलादी पिंपातली हवा उपसून त्यात बर्फ गोठवत राहिला. बर्फावर एकीकडून दिव्याचं जळजळीत ऊन, दुसरीकडून सूर्याच्या वाऱ्यासारखी हायड्रोजनची धार. धूमकेतूच्या पाण्याचं शेवटी होतं काय, असं कुणी विचारलं की त्याचं उत्तर ठरलेलं : "ऊन फोडतं, वारा पळवतो. आमच्या गावाचं झालं तसंच."

या वेळी मात्र उलटं घडलं होतं. टिपूसभर ओल नसलेल्या धुळीवर त्याने धार सोडली आणि पाणी निघालं! धुळीतल्या ऑक्सिजनला वाऱ्यातला हायड्रोजन बिलगला असणार. त्याची सगळी हयात तोडफोड बघण्यात गेली. पहिल्यांदाच काहीतरी जुळताना दिसलं. सोमवारी वरचे लोक येणार होते. दाखवण्यासारखं काही नसेल तर पिंप भंगारात आणि मर्ल घरी, हे शिपायापासून सगळ्यांना ठाऊक होतं.

त्याची वरिष्ठ, लोरेना उर्क्विडेस, पडद्यावर बोट ठेवून म्हणाली, "धारेत कुठला हायड्रोजन घातला होतास?"

"जड, दुप्पट वजनाचा. मला शाळेत घालू नकोस."

"मग धारेनं बनवलेलं पाणीही जडच हवं ना? हे बघ. साधं. तुझ्या-माझ्या श्वासातलं."

"थोडंसं तरी जड असेल."

"नाहीये रे. मी काय खुशीत सांगतेय? झाकणाचं कडं बदलायला पिंप उघडलंस. नंतर भाजलंस किती?"

भाजणं हा मर्लचा धर्म. पिंपाला तापत्या पट्ट्या गुंडाळायच्या, वरून स्वयंपाकघरातला चंदेरी कागद, आणि पोलादाला चिकटलेली दमट हवा सुटेपर्यंत दिवसचे दिवस तापवत ठेवायचं. "मर्ल, तामाले शिजले का?" मक्याच्या सालीत गुंडाळून वाफवायचा तो पदार्थ आठवून प्रयोगशाळेतली पोरं चिडवायची. "कच्चे खाल तर पोट बिघडेल," तो दटावायचा.

"एक रात्र," तो पुटपुटला.

"मर्ल!"

"तूच म्हणालीस, सोमवारच्या आत काहीतरी हवं."

"काहीतरी म्हणजे कच्चं?"

"एवढंच सांग ना, पाणी मिळालं. खोटं कुठाय त्यात?"

"आणि जड की साधं, असं विचारलं तर?"

"त्यांना कुठलं सुचतंय!"

"मला सुचलंय ना पण."

मर्लने पिंपावर तळहात ठेवला. पोलाद गार होतं. खालच्या कपाटातून त्याने चंदेरी कागदाची गुंडाळी काढली, आणि तिचं टोक नखाने सोडवत बसला.

"पुन्हा लावतो भट्टी. या वेळी नीट. सोमवारी नाही होणार, कबूल. पण वारा खरंच पाणी घडवतो की नाही, ते आपल्याला तरी कळेल. निदान तेवढं." टोक सुटेना. "लोरेना, सोमवारनंतर इथली वीज चालू ठेवतील ना?"

लोरेनाने पडदा विझवला, बाकावरच्या गाडीच्या किल्ल्या उचलल्या आणि "ते माझ्या हातात नाही, मर्ल," म्हणत ती बाहेर निघून गेली.