चुना घातला का?

"शिरेला बोलू द्या सर, तुमी जरा गप बसा."

विश्रामबागेतल्या आमच्या फार्मसी कॉलेजच्या प्रयोगशाळेत हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय, की माझ्या पीएचडीचे मार्गदर्शक म्हणून खरं तर ते म्हणणाऱ्यांचंच नाव छापायला हवं होतं. ते प्रयोगशाळेतले शिपाई. सगळे त्यांना मामा म्हणत. असा एक मामा तुम्हीही कुठेतरी पाहिला असेल: हुद्दा शिपायाचा, नजर परीक्षकाची.

मामा माण तालुक्यातले, मेंढपाळाच्या घरातले. माझं संशोधन सराट्यावर, म्हणजे गोखरूवर. चपलेतून पार होणारा काटा ज्याचा, तोच. मामाच तो गावाकडून पोत्यातून आणत. "आमी जल्मभर मेंढरांच्या खुरातनं सराटं काढलं, आन तुमी त्याच्यावर डॉक्टर व्हणार!"

प्रयोग सांगायला सोपा. खाटकाकडून बोकडाची मोठी रक्तवाहिनी, मामांच्या भाषेत शीर, आणायची, तिची अंगठीएवढी चकती कापून क्षारांच्या कोमट पाण्यात टांगायची. त्या पाण्यात कॅल्शियम असतं. ते वाहिनीच्या पेशींत शिरलं की वाहिनी आवळते, शिरायचं थांबलं की सैलावते. सराट्याचा अर्क ते शिरणं अडवतो का, एवढाच प्रश्न.

उत्तराची घाई मात्र माझ्यापेक्षा मामांना. गावाकडे त्यांच्या थोरल्या बहिणीचं, आक्काचं, बीपी वाढलेलं. गोळी सोडून सराट्याचा काढा घेते म्हणून ती हटून बसली होती. "सरांचा प्रयोग व्हईस्तोवर दम धर, म्हटलंय तिला," मामा सांगत.

आणि एका दुपारी शीर बोलली. आवळायचं औषध घातलं, ती जेमतेम आवळली. मी सराट्याचा अर्क सोडला, आणि वाहिनीचा ताण दाखवणारी कॉम्प्युटरवरची रेघ उतारावर ब्रेक नसलेल्या सायकलीसारखी खाली सुटली. मी उडीच मारली. गाइडना फोन केला, पेढे मागवले आणि मामांना म्हणालो, "आक्काला कळवून टाका. गोळीला सुट्टी!"

मामांनी मोबाइल काढला. नंबर शोधला. मग का कोण जाणे, तो परत खिशात टाकून कपाटाकडे गेले. क्षारांच्या बाटल्या एकेक उचलून पाहिल्या आणि त्यांतली एक माझ्यापुढे ठेवली. कॅल्शियम क्लोराइड. जुनी संपली म्हणून त्याच सकाळी काढून ठेवलेली. सील शाबूत.

तंबाखूची डबी बाळगणाऱ्या मामांच्या लेखी कॅल्शियम म्हणजे चुना. "आवं सर, ह्यातला चुना कवा घातला?"

घातलाच नव्हता. पाण्यात कॅल्शियमच नाही म्हटल्यावर ती वाहिनी सराट्याऐवजी माझा चहा ओतला असता तरी सैल पडली असती.

"चुना घालाय इसरला, आन जगाला चुना लावाय निघाला व्हय!"

तेवढ्यात पेढे आले. मामांनी शांतपणे एक उचलला. मी माझा परत बॉक्समध्ये ठेवला. त्यांनी तो फोन लावला असता तर?

दुसऱ्या दिवशी, मामांच्या देखरेखीखाली, चुना घालून पुन्हा प्रयोग. ह्या वेळी शीर बोकडाच्याच हट्टाने आवळली. अर्काने सैलावली, पण निम्मी, तीही रमतगमत. माझा चेहरा पडला. मामा खूश.

"थोडं हाय सर, पण खरं हाय."

मग माझ्यासमोरच फोन लावला. "आक्का, गोळी सोडू नगंस. न्हाई न्हाई, सराटा लबाड न्हाई. पर त्यो अजून काचंच्या भांड्यात शिकतोय."

मामा निवृत्त झाले तेव्हा निरोपाच्या भाषणात मी असा काही सुटलो, की प्राचार्य घड्याळ बघू लागले. माझ्या संशोधनाची महती आभाळाला टेकणार, तेवढ्यात हार घातलेल्या सत्कारमूर्तींनी खुर्चीतूनच विचारलं, "सर, चुना घातला का?"

मी खाली बसलो. इतक्या टाळ्या मला पुन्हा कधी मिळाल्या नाहीत.

आता मामा माणात असतात, आक्काच्या शेजारी. तिची गोळी चालू आहे. इथं त्यांच्या स्टुलावर कुणीतरी प्रिंटर ठेवलाय. कॅल्शियमच्या बाटलीवर मात्र त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलेली चिकटपट्टी आहे: 'चुना. आधी ह्यो.' नवे विद्यार्थी ती वाचून हसतात. बाटली संपली की पट्टी नखाने अलगद सोडवून नव्या बाटलीवर लावायची असते. ते काम मी दुसऱ्या कुणाला सांगत नाही.