बाहेर जाऊन दिलेला शब्द

माझ्या सासूबाई, साइमी, कुणाला घाबरल्यात असं लग्नानंतरची दोन वर्षं मी काही पाहिलं नाही. उलट सगळं आलाकोस्की गावच त्यांना टरकून असायचं. अंगानं बारीक चणीच्या, पण हाताला जोर असा, की त्या पाठ चोळायला लागल्या की धिप्पाड लाकूडतोडे "काकू, जरा हळू!" म्हणून गयावया करायचे. नदीकाठच्या आमच्या सॉनात, म्हणजे तापल्या धोंड्यांवर पाणी मारून वाफ काढायच्या लाकडी न्हाणीघरात, त्या लोकांना न्हाऊ घालायच्या, पाठ धरली असेल तर तुंबड्या लावायच्या, बायकांची बाळंतपणं करायच्या, आणि माणूस गेलं की त्याची शेवटची अंघोळही तिथेच व्हायची. निम्मं गाव तिथल्या बसायच्या फळ्यांवर जन्मलंय. माझा नवरा ओइवासुद्धा.

सॉनात भांडायचं नाही, शिवी द्यायची नाही, हुद्दा कपड्यांबरोबर बाहेरच्या खुंटीला टांगायचा. आणि खोटं तर मुळीच बोलायचं नाही. चर्चमध्ये एक वेळ खपेल, तिथे नाही. ज्याला खरं सांगायचं नसेल तो "जरा गार होतो" म्हणून उठतो आणि बाहेर जातो. लग्नानंतरच्या पहिल्याच शनिवारी मी फळीवर बसून ओइवाला विचारलं, "माझं माशाचं कालवण आवडलं का रे?" पठ्ठ्या उठला, बाहेर गेला आणि अंगणातून ओरडला, "फर्मास होतं!" सासूबाई इतक्या हसल्या, की निखाऱ्यासारख्या धोंड्यांवर पाणी मारायचं ओगराळं हातातून पडलं. मी आठवडाभर अबोला धरला. का धरू नये? मीठसुद्धा बरोबर होतं त्यात.

चव्वेचाळीसचा सप्टेंबर उजाडला आणि हे हसणं पार आटलं. तीन वर्षं जर्मन आमचे दोस्त होते. दोस्त म्हणजे आमच्या शाळेत त्यांचे शिपाई, आमच्या रस्त्यावर त्यांच्या गाड्या, आणि बदल्यात रशियापासून सांभाळण्याचं वचन. मग राजधानीत, हेलसिंकीत बसलेल्या आमच्या साहेबांना उमगलं, की दोस्त हरायला लागलाय. त्यांनी रशियाशी तह केला. रेडिओवर सांगितलं, जर्मनांनी देशातून चालतं व्हावं, नाही गेले तर आमच्याच पोरांनी त्यांना हाकलावं, आणि त्यात कुचराई केली तर रशियन फौज स्वतः येईल हाकलायला. एका दांडगटाला घराबाहेर काढा, नाहीतर दुसरा आत शिरतो. हेलसिंकीवाल्यांचं काय जातंय सांगायला? दांडगट आमच्या अंगणात बसला होता.

आणि ओइवा त्यांच्याच ताब्यात. उत्तरेकडच्या त्यांच्या डेपोवर तो ट्रक चालवायचा. ओलीस ठेवला तर? सूड म्हणून गोळी घातली तर? निम्मं गाव गाईगुरं घेऊन स्वीडनला गेलं होतं. आम्ही दोघी ओइवासाठी मागे राहिलो. शेजारची हिल्तामावशी राहिली तिच्या आर्वीसाठी. एकुलता एक पोरगा, आमच्याच फौजेत, कॅप्टन योकेलाच्या तुकडीत. ती तुकडी नदीपलीकडच्या जंगलात दबा धरून होती. हिल्तामावशी रोज संध्याकाळी काठावर यायची आणि पलीकडच्या झाडांकडे बघत बसायची. "तुझा दिसत नाही, माझा दिसत नाही. बऱ्या मैत्रिणी आहोत," असं सासूबाईंना म्हणायची.

कॅप्टन योकेला आणि गावातल्या जर्मनांचा मेजर रेडलिख हे दोघं चोरून भेटायचे ते आमच्या सॉनात. कॅप्टन अंधार पडता पडता होडीनं यायचा, मेजर पायी. त्यांचा आपसात सौदा ठरला होता. जर्मनांनी सावकाश मागं सरकायचं, आमच्यांनी सावकाश पाठलाग करायचा, रशियाला दाखवायला हवेत गोळ्या झाडायच्या. त्यांनी गावं जाळायची नाहीत, आम्ही त्यांची माणसं मारायची नाहीत. दोन वाघांच्या मधे उभं राहून दोघांनाही शेपटी हलवून दाखवायची, अशी ती कसरत. हे कुणाला कळलं असतं तर कॅप्टनचं डोकं जागेवर राहिलं नसतं, आणि आमचंही नाही.

त्या बुधवारी मी बाहेरच्या खोलीत पाण्याच्या बादल्या भरत होते. आतलं सगळं ऐकू यायचं. मेजरला तीन वर्षांत आमची भाषा बऱ्यापैकी आली होती.

"रविवारपर्यंत," मेजर म्हणाला. "रविवारी माझी शेवटची गाडी गाव सोडून उत्तरेकडे जाईल. नदीवरचा पूल तसाच ठेवतो, गाव तसंच ठेवतो. तोपर्यंत तुमची माणसं जंगलातच राहतील ना?"

कॅप्टननं नुसता घसा खाकरला.

"आणि साइमीबाई, तुमचा ओइवा रविवारी घरी येईल. शब्द देतो."

माझा जीव भांड्यात पडला. फळीवर बसून दिलेला शब्द! जर्मन असला तरी तीन वर्षं आमच्या सॉनात घाम गाळलेला माणूस होता तो.

"कॅप्टन, माझं उत्तर राहिलं," मेजर म्हणाला.

"फार तापलंय आज," कॅप्टन म्हणाला. "काकू, जरा गार होतो." तो बाहेर आला, कमरेला पंचा गुंडाळलेला, अंगातून वाफा निघताहेत. माझ्याकडे त्यानं पाहिलंही नाही. नदीकडे तोंड करून उभा राहिला आणि मोठ्यानं म्हणाला, "ठरलं, मेजर. रविवारपर्यंत आमचा एक माणूस हलणार नाही."

माझ्या हातातली बादली तशीच राहिली. हा कॅप्टन खालच्या गावचा, सासूबाईंच्याच हातांवर जन्मलेला. सॉनाची रीत त्याला का माहीत नव्हती? बाहेर जाण्यातली मेख कुणी सांगितली नव्हती ती मेजरला.

कपडे चढवून तो होडीनं निघून गेला. मेजर पाठीला तुंबड्या लावून घ्यायला आतच पालथा पडला होता. सासूबाई तुंबड्यांची शिंगं घ्यायला बाहेर आल्या. तोंड पांढरंफटक.

"आउने," त्या कुजबुजल्या, "ते त्यानं बाहेर येऊन सांगितलं."

"ऐकलं मी."

"म्हणजे रविवारच्या आतच हल्ला होणार. वरून हुकूम आला असणार त्याला. आणि माझा पोरगा अजून ह्यांच्याकडे."

"आई, मेजरला सांगून टाका!" मी म्हटलं. "ओइवाला जिवंत ठेवतील का हे, एकदा गोळीबार सुरू झाला की?"

"आणि आर्वी?" त्या म्हणाल्या. "सांगितलं तर हे तयारीत बसतील. पलीकडे आपलीच पोरं आहेत गं. हिल्ताला काय तोंड दाखवू?"

अशा मनानं त्या ब्लेडनं चिरा कशा देणार, हाच मला प्रश्न पडला. तरी शिंगं घेऊन त्या आत गेल्या. मी भिंतीला कान लावला. बराच वेळ नुसतं शिंग चोखल्याचा आवाज.

मग सासूबाई म्हणाल्या, "साहेब, माझ्या पोराला उद्याच पाठवा."

"रविवारी येतोय की. शब्द दिलाय मी."

"रविवार नको. उद्या."

"उद्या का?" मेजरचा आवाज बदलला. "रविवारपर्यंत सगळं शांत आहे. कॅप्टननं सांगितलं ना?"

देवा, आता सासूबाईंनी उठून बाहेर यावं, असं मी मनात घोकत होते. बाहेर या आणि सांगा काहीतरी, पोराची आठवण येते म्हणा, स्वप्न पडलं म्हणा! पण पाठीवर शिंगं लावलेली, रक्त वाहतंय, असा माणूस सोडून तुंबडी लावणारी उठत नाही. त्या तिथेच अडकल्या.

"मला भीती वाटते," सासूबाई म्हणाल्या.

ते खरंच होतं. पण मेजर तेवढ्यावर थांबेना.

"कुणाची? आमची?"

धोंड्यांवर पाणी पडल्याचा चर्रर्र आवाज आला, पुन्हा आला, पुन्हा आला. इतकी वाफ की मेजर खोकायला लागला. खोकला थांबल्यावर तो हळूच म्हणाला, "बरं."

जाताना तो रोजच्यासारखी थट्टा करत बसला नाही. खऱ्या कॉफीची पुडी बाकावर ठेवली आणि टोपी घालून गेला. सासूबाई पायरीवर बसून राहिल्या. "मी काही बोलले नाही ना, आउने? एक शब्द नाही ना बोलले?" असं मला पुन्हापुन्हा विचारत होत्या. मी "नाही" म्हटलं. आम्ही बाहेर होतो, म्हणून ते खपलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ओइवा दारात उभा! दाढी वाढलेली, बूट फाटलेले, पण धडधाकट. मी त्याला बिलगून अशी रडले, की त्याला श्वास घेता येईना. "डेपोवर मेजरचा फोन आला, आत्ताच्या आत्ता घरी जा म्हणून," तो म्हणाला. सासूबाईंनी त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं. मग विचारलं, "अजून काय म्हणाला?" "काही नाही. का गं?" त्या चुलीकडे वळल्या.

त्याच रात्री जर्मन निघाले, आणि जाताना गाव पेटवलं. आम्ही बटाट्याच्या तळघरात अंगाचं मुटकुळं करून बसलो. हिल्तामावशी माझ्या कुशीत कापत होती. वरून छपरं कोसळल्याचे आवाज येत होते, आणि सासूबाई ओइवाचा दंड इतका घट्ट धरून होत्या की त्याला वळ उठले. पहाटे सगळं शांत झालं. वाटलं, सुटलो. तेवढ्यात पुलाकडून असा धमाका झाला की तळघराची माती आमच्या डोक्यावर पडली.

कॅप्टनची तुकडी पहाटेच पुलावर धावत आली होती. रात्रभर आग बघून, मागे राहिलेले जर्मन तरी हाती लागतील अशा हिशोबानं. जर्मन कधीच गेलेले, आणि पुलाखाली सुरुंग पेरून गेलेले. आर्वी सगळ्यांत पुढे होता.

सगळं गाव जळालं, आमचा सॉना तेवढा उभा होता. मेजरनं मुद्दाम सोडला की घाईत राहिला, कोण जाणे. आर्वीला तिथेच आणलं. सासूबाईंनी त्याला एकटीनं अंघोळ घातली, मला पाणीसुद्धा ओतू दिलं नाही. हिल्तामावशी दाराशी उभी राहून म्हणत होती, "कान नीट धू गं, साइमी. लहानपणापासून कान धुवायचा कंटाळा त्याला."

तो हिवाळा आम्ही चौघांनी सॉनाच्या बाहेरच्या खोलीत काढला. हिल्तामावशीला दुसरं घर नव्हतंच. एका शनिवारी आम्ही तिघी फळीवर बसलो होतो. अंगणात ओइवा लाकडं फोडत होता. कुऱ्हाडीचा प्रत्येक घाव आत ऐकू येत होता. हिल्तामावशी तो आवाज ऐकत होती.

मग ती अगदी साधेपणानं म्हणाली, "साइमी, त्या मेजरला हल्ल्याचं कळलं कसं गं?"

सासूबाईंनी ओगराळं बादलीत ठेवलं. हिल्तामावशीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग त्या फळीवरून उतरल्या, दार उघडलं आणि तशाच उघड्या अंगानं बाहेर बर्फात गेल्या. कुऱ्हाडीचा आवाज थांबला.

"मला काय माहीत, हिल्ता," बाहेरून त्यांचा आवाज आला.

हिल्तामावशी धोंड्यांकडे बघत होती. दार उघडंच होतं आणि सासूबाई काही आत येईनात.

"आउने," शेवटी हिल्तामावशी म्हणाली, "बोलाव तिला आत. गारठून मरेल."