बोलण्याला फासा नाही

मी अडखळत बोलते. क आणि प ही दोन अक्षरं लहानपणापासून माझ्या घशात दार लावून बसली आहेत, आणि राहते मी पाचोऱ्याला. कुणी गाव विचारलं की माझा चेहरा लाल होतो. रेल्वेचा पास एकदा काढला की रोज खिडकीवर तोंड उघडावं लागत नाही, म्हणून मी पास कधी संपू देत नाही. नोकरी जळगावच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये. रक्त काढताना ‘मूठ आवळा’ एवढंच सांगायचं असतं, तेही हाताने दाखवता येतं.

रविवारी दुपारी मी जळगावातच राहणाऱ्या मावशीकडे जायची. मावसभाऊ पुण्यात नोकरीला होता तेव्हा एक खेळ शिकून आला होता. टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं. एक जण गेम मास्टर. तो गोष्ट सांगतो. त्यातले राक्षस, राजे, पूर, वणवे सगळे त्याचे. आपल्या पात्राने काय करायचं ते आपण ठरवायचं, आणि जमलं की नाही ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. भाऊ गेम मास्टर. वहिनी वैद्यबाई व्हायची. शेजारी एक सर राहायचे, कॉलेजात भूगोल शिकवणारे, ते तलवारबाज. आणि मी दूत. राजेरजवाड्यांसमोर उभी राहून बोलणारी, जिच्या जिभेवर मध आहे अशी बाई.

मी फक्त ‘त्याला समजावते’ म्हणायचं आणि फासा टाकायचा. दान चांगलं पडलं की भाऊ आवाज खाली आणून सांगायचा, “तुझ्या बोलण्याने सेनापतीच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं.” हे वाक्य ऐकायला मी सुट्टीच्या दिवशीही गाडी पकडून यायची.

भाऊला गोष्ट रंगवता यायची, पण आकडे जमायचे नाहीत. त्याने रचलेला प्रसंग एक तर चुटकीसरशी संपायचा, नाहीतर त्यात आम्ही सगळे मरायचो. म्हणून हळूहळू प्रसंग रचायचं काम माझ्याकडे आलं. त्यांना आम्ही चॅलेंज म्हणायचो: तीनदा दान हुकायच्या आत ठरलेल्या संख्येइतकी चांगली दानं पाडून दाखवायची. लॅबमध्ये रक्ताच्या नळ्या मशीनमध्ये फिरत असल्या की मी कागदावर आकडे मांडायची. अवघड म्हणजे किती अवघड? सरांची तलवार कुठे उपयोगी पडेल, वहिनीची औषधं कुठे? एकाच्याच जोरावर सगळं निभावलं तर बाकीचे जांभया देत बसतात. एकाच्याच चुकीने सगळं बुडालं तर तो माणूस पुन्हा टेबलावर येत नाही. म्हणून प्रत्येक बंद दाराला मी दोन-तीन वाटा ठेवायची, आणि दान हुकलं तर काहीतरी गमवावं लागेल पण गोष्ट थांबणार नाही, असं बघायची. डबा खाताना एकटीच फासे टाकून तपासायची. शेजारच्या टेबलावरची ताई म्हणायची, “लग्नाचं वय झालं आणि ही सोंगट्या खेळतेय.”

पुराचं चॅलेंज मी असंच रचलं. नदी चढतेय, मागे गावातली माणसं आहेत, वर किल्ला आहे आणि किल्लेदार दार उघडत नाही. दूत त्याच्याशी बोलू शकते. तलवारबाज मागच्या कड्यावरून चढू शकतो. वैद्यबाई जखमी पहारेकऱ्याला बरं करून आत शिरू शकते. किल्लेदार हा शब्द मी बिनधास्त लिहिला होता. तो मला थोडाच उच्चारायचा होता!

त्या रविवारी वहिनीचा सकाळीच फोन आला. “तो मोरपंखी ड्रेस घालून ये. फोटो काढायचेत.” गेले तर घरात शेवभाजीचा वास, काचेच्या चांगल्या बश्या बाहेर काढलेल्या आणि भाऊच्या शेजारी एक नवा माणूस. धुळ्याला सूतगिरणीत हिशेब बघतो, त्यालाही या खेळाची आवड आहे, असं भाऊने सांगितलं. “आज किल्लेदार हा होणार.” मला बरंच वाटलं. माझं चॅलेंज बाहेरचं कुणीतरी खेळणार होतं.

किल्ल्यासमोर आलो. मी फासा उचलला. भाऊने हात पुढे करून तो माझ्या बोटांतून काढून घेतला.

“आजपासून बोलण्याला फासा नाही. प्रत्यक्ष बोलायचं. अडखळलीस की एकदा हुकलं धरायचं.”

मला वाटलं, गंमत करतोय. सर म्हणाले, “टाकू द्या ना तिला फासा. मी कुठे खरी तलवार चालवतो?”

“सर, तलवार कुणाच्याच घरात नाही. जीभ सगळ्यांना आहे.” भाऊ हसला. “आणि कडा आज निसरडा आहे, चढता येणार नाही. पहारेकरी धडधाकट आहेत. फक्त दूत.”

माझ्या सगळ्या वाटा त्याने एका दमात बुजवल्या. मी वहिनीकडे बघितलं. ती बश्या सारख्या करत होती.

मी सुरुवात केली. “कि... कि...” दार लागलं. त्या शब्दाच्या पलीकडे मला जाताच येईना. भाऊने एक बोट वर केलं. “एक.”

मी शब्द बदलला, लहानपणापासून बदलत आले तसा. “महाराज, बाहेर...”

“महाराज नाही, किल्लेदार. पदवी चुकली तर तो चिडेल.”

तरीही मी बोलले. नदी चढतेय, लेकरं भिजली आहेत, म्हाताऱ्यांना चालवत नाही, एवढं मी सलग बोलले. आजही मला त्या तीन वाक्यांचं नवल वाटतं. तो धुळ्याचा माणूस पुढे झुकून ऐकत होता. मग त्याने अगदी सौम्यपणे विचारलं, “तुम्ही मूळच्या कुठल्या?”

आमच्या गोष्टीतल्या गावाचं नाव भाऊने पिंपळदरी ठेवलं होतं. माझे ओठ मिटले ते मिटलेच. मानेची शीर ताणली गेली, डोळे गच्च मिटले. हे मी आरशात एकदा बघितलंय, त्यामुळे समोरच्याला काय दिसतं ते मला ठाऊक आहे.

“दोन,” भाऊ म्हणाला.

“आणि आत आल्यावर काय करणार?” त्या माणसाने विचारलं. “म्हणजे, घरातलं... किल्ल्यातलं सांभाळून नोकरी वगैरे?”

सर हसले. मीही हसले. किल्ल्यात कसली नोकरी! उत्तर सोपं होतं: काम करू, पडेल ते काम. तेच अक्षर पुन्हा आडवं आलं. मी त्याच्याशी झटत राहिले, टेबलाखाली मांडीवर मूठ मारत राहिले. भाऊने तिसरं बोट वर केलं आणि पूर सांगायला घेतला. त्याने तो फार छान सांगितला. गावातली माणसं गेली, सर गेले, वहिनी गेली. दूत सगळ्यात शेवटी, दारावर हात आपटत.

“माझ्या वैद्यबाईला किती जपलं होतं मी,” वहिनी म्हणाली, आणि सगळ्यांना शेवभाजी वाढली. पाहुण्याने दुसऱ्यांदा रस्सा मागून घेतला. निघताना मला म्हणाला, “चॅलेंज छान होतं.” फोटो कुणीच काढले नाहीत.

पुढच्या आठवड्यात मावशीचा आईला फोन आला. आई तळण करत होती, म्हणून फोन स्पीकरवर होता. मावशी अहिराणीत म्हणाली, “धुळावालास्नी नही म्हन्तं वो. पोर बठ्ठी चांगली शे म्हने, पन बोलाले अडखळस.”

मी विचारलं, “धुळ्याच्यांचा नकार? म्हणजे?”

आई कढईत बघत राहिली. पुरी फुगली, तिने ती उलटली, काढली. मग म्हणाली, “तुला सांगितलं असतं तर तू गेली नसतीस.”

तेव्हा मला मोरपंखी ड्रेस कळला, काचेच्या बश्या कळल्या, किल्ल्यातली नोकरी कळली. घरात सगळ्यांना माहीत होतं. फक्त जिला बघायचं होतं तिला नव्हतं.

रविवारी मी गेले, खेळायला नव्हे. भाऊ सोफ्यावर पाय वर घेऊन बसला होता. तो जराही ओशाळला नाही.

“याआधीच्या दोन्ही बघण्याच्या कार्यक्रमांत नुसतं नाव सांगताना काय झालं होतं तुझं? म्हटलं, खेळात तू मोकळी असतेस. तुझ्याच मैदानावर तुला दाखवलं. यापेक्षा चांगली संधी कोण देणार?”

“मग माझा फासा?”

“फासा ऐकून त्याला काय कळणार होतं? त्याला तुझं बोलणं ऐकायचं होतं.”

“आणि माझ्या वाटा?”

“अगं, तूच म्हणतेस ना, सगळं बॅलन्स पाहिजे. समोरच्यालाही कळायला हवं, आपण काय घेतोय ते.”

बाजारातल्या भाजीबद्दल बोलावं तसं तो हे बोलला. मावशी आतून आली, माझ्या डोक्यावर हात फिरवला आणि म्हणाली, मनावर घेऊ नको, दुसरं बघू. मला सांगायचं होतं की मी या टेबलावर पुन्हा कधीच येणार नाही. पण एव्हाना रागाने सगळीच अक्षरं अडायला लागली होती.

“मी आता ये... ये...”

“येणार!” भाऊ टाळी वाजवून म्हणाला. “बघ आई, म्हटलं नव्हतं? येणारच ती. तिच्याशिवाय चॅलेंज कोण करणार?”

मावशी हसली. वहिनी चहा टाकायला उठली. मी “नाही” म्हणाले, अगदी स्पष्ट, न अडखळता. तोपर्यंत त्यांचं पुढच्या रविवारचं बोलणं सुरू झालं होतं. मी चपला घातल्या आणि स्टेशनवर येऊन बसले. कुणी मागे आलं नाही. पुढच्या रविवारी वहिनीचा मेसेज आला: सर आलेत, तू कुठे पोचलीस?

बऱ्याच दिवसांनी लॅबमध्ये असताना एका अनोळखी नंबरवरून मेसेज आला. धुळ्याचा तोच माणूस. ‘तुमचं पुराचं चॅलेंज फार आवडलं होतं. इथल्या आमच्या ग्रुपसाठी मिळेल का?’

टाईप करताना मी अडखळत नाही. मी लिहिलं, ‘तुम्ही मला बघायला आला होतात हे मला माहीत नव्हतं. तुम्हाला हे माहीत होतं का?’

बराच वेळ तो काहीतरी लिहीत होता आणि पुसत होता. मग आलं, ‘नाही. मला वाटलं असं भेटायचं तुम्हीच सुचवलंय. तुमची हिंमत बघून कौतुक वाटलं होतं.’

‘मग नाही का म्हणालात?’

‘आई म्हणाली, मुलांमध्येही येतं. मी मग जास्त ताणलं नाही.’ आणि त्याच्याच खाली: ‘सॉरी. चॅलेंजचं जमलं तर बघा.’

मी फोन उलटा ठेवला आणि दिवसभराचे रिपोर्ट संपवले. संध्याकाळी गाडीत जागा मिळाल्यावर पुन्हा उघडला. ते चॅलेंज चांगलं होतं. माझ्या हातून झालेल्या कामांत ते सगळ्यात नीट जमलेलं, आणि ते एकदाही धड खेळलं गेलं नव्हतं. मी त्याला सगळं पाठवलं, मी रचलं होतं तसं: कडा चढता येणारा, पहारेकरी जखमी, बोलण्याला फासा.

पुढच्या आठवड्यात त्याने कळवलं की त्यांचा ग्रुप किल्ल्यात पोचला, मजा आली, पण वैद्याची वाट फार सोपी पडते, आकडा थोडा वाढवायला हवा.

मी डबा बाजूला सारून फासे टाकून बघितलं. त्याचं बरोबर होतं. मी आकडा वाढवला आणि त्याचा नंबर ब्लॉक केला.