साडेचार घोट

माझं दुकान उभं राहिलं ते माझ्या घरमालक भाऊंमुळे, हे आधी सांगतो; बाकीचं मग. आणि हेही सांगतो की अख्ख्या एटापल्लीत पाहुण्याचं ‘पुरे’ ज्याला ऐकू येत नाही असा माणूस हा एकच. कान तसे ठणठणीत. पण ताटावर हात आडवा धरला तर बोटांच्या फटीतून वरण ओततील. दारात आलेल्या मांजराला भात वाढून वर ‘लाजू नको’ म्हणतील. सायकलीत हवा भरायला बसले की ट्यूब फुटेपर्यंत थांबत नाहीत, आणि फुटली की दोष ट्यूबचा.

मी सांगलीकडचा. नववीत शाळा सोडली, मोबाइल टॉवरच्या कामावर इकडं आलो. काम संपलं, ठेकेदार गेला, आणि मी भाऊंच्या पडवीत रेडिओ, सौर दिवे, फवारणी पंप दुरुस्त करायला बसलो. अडचण अशी की प्रत्येक वस्तूला वेगळे व्होल्ट लागतात, आणि मेलेल्या बॅटऱ्यांवर तपासायचं तर दोष वस्तूत की बॅटरीत तेच कळत नाही. गिऱ्हाइकं माघारी जायला लागली. तशात गावाहून दादाचा, माझ्या थोरल्या भावाचा फोन आला, पोळा झाला की येतो, धंदा दिसला तर राहा, नाहीतर पिशवी भरून ठेव. त्या रात्री मी ताट अर्ध्यावरच सारलं. भाऊंना तेवढंच दिसलं.

“काऊन बे, जेवत नाईस?”

मी सगळं सांगितलं. ते उठले आणि माळ्यावरून आपला बॅटरी चार्जर काढून आणला. तरुणपणी दंडारीच्या, म्हणजे इकडच्या गावनाटकाच्या, भोंग्याची बॅटरी ते त्यावर चार्ज करत; घरात कुणाला हात लावू देत नसत. “खोल,” म्हणाले, आणि स्वतः तोंड फिरवून बसले.

आतला ट्रान्सफॉर्मर अजून धडधाकट होता, म्हणजे त्यातून हवे तेवढे व्होल्ट देणारं यंत्र करता येणार होतं. पण चार्जर वीज देतो ती धक्क्याधक्क्यानं. बॅटरीला चालतं, रेडिओला सोसत नाही. म्हणून पुढं धक्के गिळून एकसारखी वीज सोडणारा मोठा कंडेन्सर घातला, मग व्होल्ट कमीजास्त करणारी पट्टी, तिला बाहेरून फिरवायचं बटन, आणि आकडे दाखवणारा छोटा मीटर. फ्यूज उडाला, पुन्हा घातला, पुन्हा उडाला. सोडायचं नाही एवढं ठरवलं होतं. पट्टी तापायला लागली तेव्हा भाऊंनी वरणाच्या गंजावरचं, म्हणजे पातेल्यावरचं, ॲल्युमिनियमचं झाकण आणून दिलं. ते कापून तिच्या पाठीला लावलं.

व्होल्ट हा शब्द भाऊंच्या जिभेवर कधी बसला नाही. ते घोट म्हणत. “याले किती घोट लागते?” मलाही ते पटलं होतं. पण घोट म्हटलं की त्यांच्यातला यजमान जागा व्हायचा. सहाचा दिवा सहावर ठेवून मी वळलो की मागं बटन आठावर. “एवढ्यानं काय होते त्याचं?” दोन दिवे असे तृप्त होऊन गेले.

दादा आला त्याच सकाळी शेजारच्या बाई नवऱ्याची आठवण म्हणून ठेवलेला रेडिओ घेऊन आल्या. तीन सेलचा, म्हणजे साडेचारचा. आतल्या स्प्रिंगा गंजलेल्या, म्हणून दोन्ही हातांनी तारा दाबून धरायला लागल्या. बटन फिरवायला राहिले भाऊ. दादा हाताची घडी घालून बघत होता.

“साडेचार, भाऊ. पुढं नाही.”

तीन. चार. साडेचार. रेडिओ गप्प. भाऊंची बोटं बटनावरच होती, आणि माझे दोन्ही हात अडकलेले. त्यांनी वाकून रेडिओलाच विचारलं, “बस?” आणि हात काढून घेतला.

मी बाईंना वर्षानुवर्षं न फिरलेलं आवाजाचं चाक मागंपुढं घासायला सांगितलं. खरखर झाली, आणि खरखरीतून एक बाई गायला लागली. शेजारच्या बाईंनी पदर डोळ्याला लावला. भाऊंनी वाढलं तेवढं सगळं खाऊन दादा दुपारच्या एसटीत एकटाच चढला.

बस वळणाआड गेल्यावर भाऊ म्हणाले, “तू जाशील तवा सांगून जाजो. माहे पोट्टे न सांगता गेले.”

ज्या माणसाला थांबणं माहीत नव्हतं तो माझ्यासाठी थांबला. भाऊ, हे मी एक दिवस फेडीन. कसं, ते अजून सुचत नाही. तोवर एवढंच, इथून कुठंही गेलो तरी तुम्हाला सांगून जाईन, आणि परत कधी येणार तेही सांगून जाईन.